खाजाच्या गाठी

खाजा मोमीन हा माणूस गाड्यांची वायरिंग करतो, आणि त्याला निळा-जांभळा, लाल-हिरवा यांतला फरक दिसत नाही. हे मी सुरुवातीलाच सांगून टाकते. शेवटपर्यंत गुपित दाबून ठेवून वाचणाऱ्याला चकित करायची मला हौस नाही. चौतीस वर्षं कॉलेजात फिजिक्स शिकवलं. आधी नियम सांगायचा, मग उदाहरण, ही सवय आता या वयात जायची नाही. पण २००५ सालच्या त्या उन्हाळ्यात मला यातलं काहीही ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं ते फक्त त्याच्या बायकोला, रेहानाला. त्याच्या वडिलांनाही ठाऊक असावं, पण ते तोवर वारले होते.

खाजाचा गाळा नाशिकमध्ये सातपूरला, कारखान्यांच्या रस्त्यावर. पत्र्याचं छप्पर, एक लाकडी बाकडं, स्कूटरच्या इंडिकेटरच्या बल्बचा घरीच बनवलेला, तारेत करंट असला की पेटणारा टेस्ट लॅम्प, आणि खिळ्याला टांगलेला रेडिओ. हा रेडिओ सकाळी गाळा उघडला की चालू आणि कुलूप लावताना बंद. आणखी एक गोष्ट त्याच्या गाळ्यात होती जी दुसऱ्या कुठल्याही ऑटो इलेक्ट्रिशियनकडे मी पाहिली नाही: पांढऱ्या सुती दोऱ्याची रिळं. गाडीतली तार दिव्यानं तपासली की खाजा तिला दोऱ्याची गाठ मारायचा. कायम करंट असलेल्या तारेला एक गाठ, किल्ली फिरवल्यावर करंट येणाऱ्या तारेला दोन, अर्थिंगला तीन. गाठी अशा बारीक आणि घट्ट की नखानं सुटायच्या नाहीत. लोक समजायचे, मालेगावचा विणकराचा पोरगा आहे, हाताला सवय असेल.

ते अर्धं खरं होतं. त्याचे अब्बा मालेगावात हातमाग चालवायचे. मागावर रेडिओ ठेवलेला असायचा आणि त्याच्या तालावर धोटा पळायचा. लहान खाजा शेजारी बसून रंगीत सुताच्या कांड्या हातात द्यायचा आणि दर दोन दिवसांनी मार खायचा, कारण लाल मागितली की हिरवी द्यायचा. एक दिवस अब्बांनी मारणं थांबवलं. दुसऱ्या दिवसापासून लाल कांडीच्या टोकाला एक गाठ आणि हिरवीच्या टोकाला दोन, अशा गाठी मारून ठेवू लागले. त्या दिवसानंतर पोरानं एकही कांडी चुकीची दिली नाही.

पुढे खाजा नाशिकला आला, आयटीआयला इलेक्ट्रिशियनच्या ट्रेडमध्ये पहिला आला, आणि १९९३ साली सातपूरच्या एका कारखान्यात त्याची निवड झाली. मेडिकलला डॉक्टरनं रंगीत ठिपक्यांचं पुस्तक पुढे ठेवलं. ठिपक्यांत आकडा असतो म्हणे. खाजाला नुसते ठिपके दिसले. सात पानं उलटून डॉक्टरनं पुस्तक मिटलं आणि नोकरी गेली. खाजानं दोस्तांना सांगितलं, ‘‘मलाच नको होती रे, शिफ्टमध्ये कोण मरतंय. स्वतःचा धंदा बरा.’’ ही थाप त्यानं बारा वर्षं निभावली. रंगाचं काही नडलं तर दुपारी डबा घेऊन येणारी रेहाना हळूच सांगायची, ‘‘डाव्या हाताची हिरवी.’’ बाजाराला कळलं असतं की या माणसाला रंग दिसत नाहीत, तर गाळ्याला कुलूप लागलं असतं, अशी त्याची पक्की खात्री होती.

आता आमचं सांगते.

माझे यजमान मोतीराम. नवऱ्याला नावानं लिहिते म्हणून सासरची मंडळी नाक मुरडतील; मुरडू देत. मोतीराम मखमलाबादच्या माळी घरातले थोरले. सातपूरच्या कारखान्यात सुपरवायझर होते, पण जीव सगळा मळ्यातल्या गुलाबांत. साठीच्या आत त्यांना नसांचा एक आजार जडला. त्याची खोड अशी, की गारव्यात माणूस काठी घेऊन बरा चालतो, आणि अंग तापलं की पाय पाघळतात. उन्हात उभ्या असलेल्या गाडीत पाच मिनिटं बसले की पुढचे दोन तास पाय उचलायचे नाहीत.

आणि आम्ही राहतो गंगापूर रोडला, दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, गाडी मागच्या मोकळ्या मैदानात उन्हात. तुम्ही म्हणाल, बाई, आधी खाली जाऊन किल्लीनं गाडी चालू करा, एसी लावा, मग नवऱ्याला आणा. शहाणे आहात! माझे गुडघे तुमचे आहेत का? शिवाय किल्ली लावलेली चालू गाडी मैदानात सोडून मी वर यायचं, आणि खाली आल्यावर गाडी असेलच अशी आशा धरायची. एकदा वॉचमनला सांगून पाहिलं. तर मोतीराम म्हणाले, ‘‘माझ्या एकट्याच्या बाहेर पडण्यासाठी वॉचमन, शेजारी, सगळी वरात कशाला? नाही जायचं मला.’’ आदल्या वर्षी आखाजीला ते याच हट्टापायी गेले नाहीत.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्या मळ्यात पितरांच्या नावानं घागर पुजतात. पाणी भरलेली मातीची घागर, वर खरबूज, पुढ्यात आमरस-पुरणपोळी. ती थोरल्या मुलानं पुजायची, आणि तीही ऐन दुपारी. त्या वर्षी धाकट्या भावानं, पुंजानं, पुजली. संध्याकाळी पुंजा डबा घेऊन आला तेव्हा मोतीराम भिंतीकडे तोंड करून झोपले होते. झोपले नव्हते, हे मला आणि पुंजाला दोघांनाही कळत होतं.

अमेरिकेतल्या आमच्या मुलाला, राजला, मी हे फोनवर सांगितलं. पुढच्या हिवाळ्यात तो आला तेव्हा त्यानं ऑटोमॅटिक गिअरची नवी गाडी घेऊन दिली आणि तिकडून एक खोकं आणलं. त्यात होता रिमोट स्टार्टर. तिकडे बर्फात लोक घरातूनच बटण दाबून गाडी गरम करतात म्हणे. आपण गार करायची. बाल्कनीतून बटण दाबायचं, दहा मिनिटांत गाडी गार, आणि मोतीराम आपल्या काठीनं उतरून, कुणाला हाक न मारता, आत बसणार. ‘‘बटण मी दाबणार,’’ हे त्यांनी पहिल्याच दिवशी जाहीर केलं.

हे खोकं गाडीत बसवायला पुंजानं खाजाचं नाव सुचवलं. पुंजाचे फुलं वाहणारे दोन टेम्पो खाजाच सांभाळायचा. ‘‘वहिनी, लय हुशार माणूस हाय. त्याच्या हाताखालून गेलेली गाडी परत बोंबलत नाय.’’

काम सोपं नव्हतं. अशा गाडीच्या किल्लीत, काळ्या प्लास्टिकच्या आत, तांदळाच्या दाण्याएवढी एक चिप असते. कुलपाभोवती तारेचं कडं असतं. किल्ली जवळ आली की ते कडं दारातल्या सासूसारखं विचारतं, ‘कोण आहे?’ चिपनं बरोबर ओळख दिली तर इंजिन चालू राहतं, नाहीतर दोन सेकंदांत बंद. रिमोटनं चालू करताना कुलपात किल्लीच नसते, मग ओळख देणार कोण? म्हणून दुसरी किल्ली एका छोट्या डबीत घालून डॅशबोर्डच्या आत लपवून ठेवतात. रिमोटचं बटण दाबलं की डबीला करंट मिळतो, आतली किल्ली उत्तर देते, आणि सासूबाईंचं समाधान होतं. हिला बायपासची डबी म्हणतात.

मार्चमधल्या एका सकाळी खाजा आमच्या मैदानात आला. मोतीरामांना पुढच्या सीटवर बसवलं आणि म्हणाला, ‘‘काका, रेडिओ लावू का? रेडिओ नसला की माझा हात चालत नाही.’’ मोतीरामांचा चेहरा असा खुलला की विचारू नका. मला रेडिओची बडबड सहन होत नाही. आमच्या घरात लग्नापासून दोनच आवाज आहेत, माझा आणि कुकरचा, असं ते चार लोकांत सांगतात. दोघं शेतीचा कार्यक्रम ऐकत बसले. मी इंग्रजी कागद वाचून दाखवत होते. ‘‘डबीचा करंट जांभळ्या तारेवरून घ्यायचा,’’ मी वाचलं. खाजानं मान हलवली, डॅशबोर्डखाली डोकं घातलं, टेस्ट लॅम्प लावला, किल्ली फिरवल्यावर दिवा लागला, त्यानं तारेला दोन गाठी मारल्या आणि जोडणी केली. मोतीरामांनी बटण दाबलं. गाडी चालू! मैदानातली पोरं नाचायला लागली.

दुसऱ्या दिवशी मी भाजी घेऊन आले. दुपारी मोतीरामांनी बाल्कनीतून बटण दाबलं. घर्र झालं, दोन सेकंद इंजिन चाललं, आणि गप्प. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी मात्र पहिल्याच फटक्यात चालू. मग चार दिवस बंद. मग एकदा चालू.

जो बिघाड कायम असतो तो बिचारा प्रामाणिक असतो. हा येऊन-जाऊन असणारा बिघाड म्हणजे जावयासारखा. कधी येईल आणि कधी रुसेल, नेम नाही. मी खाजाला फोन केला. तो आला, आत बसला, रेडिओ लावला, बटण दाबलं. चालू. दहा वेळा दाबलं, दहाही वेळा चालू. तो गेला, त्यानंतर एकदा चाललं, आणि मी बँकेत जाऊन आले की पुन्हा बंद. एप्रिलमध्ये तो सहा वेळा आला. रिमोटचा सेल बदलला, प्रत्येक जोडावर पुन्हा सोल्डरचा डाग दिला, डबी उघडून बघितली. त्याच्यासमोर गाडी शहाण्या मुलीसारखी वागायची.

‘‘गाडी तुला घाबरते, सुवर्णा,’’ मोतीराम म्हणाले. ‘‘तुझ्या वर्गातली पोरंही अशीच अडखळायची.’’

मी वही घातली. तारीख, वेळ, ऊन किती, पेट्रोल किती, शेजारच्या इमारतीवरचा मोबाईलचा टॉवर चालू होता का, चालली की नाही. सव्वीस नोंदी. उन्हाचा संबंध लागेना, टॉवरचा लागेना. मला राग आला की माझं तोंड सुटतं. उचलली जीभ लावली टाळ्याला. मी अख्ख्या इमारतीत सांगत सुटले की तो सातपूरचा माणूस धांदरट आहे. खाजाला फोनवर म्हणाले, ‘‘नाचता येईना आणि अंगण वाकडं!’’ त्यानं ऐकून घेतलं. ‘‘येतो मॅडम, उद्या परत येतो,’’ एवढंच म्हणाला.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात तमाशाच झाला. बटण दाबल्यावर गाडी चालू झाल्याचा आवाज आला, मोतीराम खूश होऊन जिना उतरायला लागले, आणि खाली पोचेपर्यंत लक्षात आलं की ते दोनच सेकंद होतं. तोवर ऊन अंगावर आलं होतं. ते जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसले ते उठेचनात. चार शेजाऱ्यांनी खुर्चीत घालून वर आणलं. नेमकी जी वरात त्यांना नको होती, तीच निघाली. वर आल्यावर रिमोट त्यांनी टेबलावर ठेवला. ‘‘ही गाडी भरवशाची होईपर्यंत मी खाली उतरणार नाही. आखाजीची घागर पुंजालाच पुजू दे.’’

त्या रात्री मी जेवले नाही. सकाळी खाजाला फोन केला आणि सगळं सांगितलं. ‘‘आखाजीपर्यंत वेळ देते. नाही जमलं तर ते खोकं काढून ने आणि माझ्या दारात परत येऊ नकोस.’’

पलीकडे रेडिओ वाजत होता. तो कुणीतरी बंद केला. ‘‘काका पायरीवर बसले होते?’’ खाजानं विचारलं.

आखाजी मेच्या दुसऱ्या आठवड्यात होती. त्या आधीच्या दोन खेपाही फुकट गेल्या. आखाजीच्या दिवशी सकाळी नऊला खाजा दारात हजर. एकटाच. रेहाना भावाकडे मालेगावला गेली होती.

‘‘मॅडम, आज मी गाडीला हात लावणार नाही,’’ तो म्हणाला. ‘‘अब्बा म्हणायचे, कापडात डाग पडत असला तर कापड बघू नको, विणणाऱ्याचा हात बघ. तुम्ही रोज करता तसं सगळं करा. मी मागं बसून बघतो.’’

म्हणजे डाग माझ्या हातात, असं म्हणायचंय तुला? हे ओठांवर आलेलं मी गिळलं, कारण बाल्कनीतून मोतीराम बघत होते. मी गाडी काढली. आदल्या खेपेला खाजानं लावून ठेवलेला रेडिओ बोलायला लागला, मी तो बंद केला. गंगापूर नाक्यावर जाऊन पूजेसाठी खरबूज आणलं. परत आले, गाडी लावली. खाजा मागच्या सीटवर हाताची घडी घालून बसला होता. आम्ही उतरलो, त्यानं वर हात केला, मोतीरामांनी नाइलाजानं बटण दाबलं. घर्र, आणि गप्प.

खाजाच्या चेहऱ्यावर महिनाभरात पहिल्यांदा हसू आलं. त्याच्यासमोर गाडी पहिल्यांदाच बंद पडली होती.

‘‘मॅडम, तुम्ही रेडिओ का बंद केला?’’

‘‘कारण मला तो आवडत नाही! हा काय प्रश्न झाला?’’

त्यानं किल्ली फिरवली, रेडिओ लावला, किल्ली काढली, दार बंद केलं. बटण. चालू. रेडिओ बंद करून पुन्हा बटण. बंद. रेडिओ लावून बटण. चालू.

मी खरबूज हातात घेऊन तशीच उभी राहिले. वहीत टॉवर होता, पेट्रोल होतं, ऊन होतं. रेडिओचा रकाना नव्हता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. खाजा रेडिओशिवाय काम करायचा नाही म्हणून त्याच्यासमोर गाडी कधी बिघडली नाही. मार्चमध्ये संध्याकाळी मोतीराम माझी नजर चुकवून गाडीत रेडिओ ऐकत बसायचे, त्याच्या दुसऱ्या दिवशी ती चालायची. आणि मी बसले की पहिलं काम रेडिओ बंद.

कारणही लगेच समोर आलं. डबीचा करंट खाजानं ज्या तारेवरून घेतला होता ती रेडिओच्या एरियलची तार होती. रेडिओ चालू असेल तरच तिच्यात करंट यायचा. बसवण्याच्या दिवशी मोतीरामांसाठी रेडिओ चालू होता, म्हणून किल्ली फिरवल्यावर दिवा तिच्यावरही लागला, आणि खाजानं दोन गाठी मारल्या.

‘‘मग ती तार सोड आणि बरोबरची जोड,’’ मी म्हणाले. ‘‘सव्वाअकरा झाले. साडेबाराला घागर पुजायची आहे.’’

खाजा डॅशबोर्डखाली शिरला. दोन मिनिटं झाली, पाच झाली. नुसता शांत पडून होता. मी वाकून पाहिलं. त्याच्या बोटांत सारख्या जाडीच्या तीन तारा होत्या आणि कपाळावरून घाम डोळ्यात जात होता. रेडिओ बंद केल्यावर तिन्हींतली एरियलची बाद झाली होती. उरलेल्या दोन्हींवर दिवा सारखाच लागत होता. त्यातली एक आपल्या कामाची जांभळी. दुसरी निळी, गाडीच्या कॉम्प्युटरकडे जाणारी. तिच्यावर डबी जोडली तर कॉम्प्युटर जळेल, असं कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं आणि मीच ते वाचून दाखवलं होतं. इथे करून बघून चालणार नव्हतं. रेहाना मालेगावात होती. आणि वर बाल्कनीत मोतीराम धुतलेला पांढरा सदरा घालून उभे होते. कुणी सांगितलं नव्हतं, तरी घालून उभे होते.

खाजानंही वर बघितलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, ‘‘मॅडम, यातली जांभळी कोणती?’’

‘‘डोळे आहेत ना तुला?’’

‘‘डोळे आहेत मॅडम. पण मला निळा आणि जांभळा एकच दिसतो. लाल-हिरव्याचंही तसंच. लहानपणापासून. गाठी त्याच्यासाठीच मारतो.’’

माझं डोकंच फिरलं. ‘‘रंग कळत नाहीत आणि वायरिंग करतोस? आधी का नाही सांगितलंस?’’

‘‘सांगितलं असतं तर गाडी दिली असती का तुम्ही?’’

नसती दिली. चौतीस वर्षं मी प्रकाश शिकवला. तांबडा, नारिंगी, पिवळा, फळ्यावर रंगीत खडूंनी काढून दाखवला. दरवर्षी शंभर पोरं समोर बसायची. त्यातल्या चार-पाच जणांना माझे खडू सारखेच दिसत असणार, हे मला पुस्तकातून माहीत होतं. एकालाही मी कधी विचारलं नाही. आणि हा माणूस बारा वर्षं जपलेली गोष्ट आज माझ्यासारख्या तोंडाळ बाईला सांगून बसला होता, का, तर वर पांढऱ्या सदऱ्यातला एक म्हातारा उभा होता. मला माझीच लाज वाटली. राग गेला असं नाही म्हणत, पण तो आता खाजावर नव्हता.

मी खरबूज बोनेटवर ठेवलं, पदर खोचला आणि दुखरे गुडघे टेकून गाडीच्या दारात बसले. ‘‘मधली निळी. तिला सोड. तुझ्या अंगठ्याजवळची जांभळी.’’

‘‘नक्की?’’

‘‘फिजिक्स शिकवलंय मी. जांभळी!’’

त्यानं आधी निळीला तीन वेळा टेप गुंडाळून लांब केलं, मग जांभळीवर जोडणी केली, डाग दिला, टेप लावली. जुना दोन गाठींचा दोरा कापला आणि जांभळीला नव्या दोन गाठी मारल्या. मग स्वतःच्या हातानं रेडिओ बंद केला, दार लावलं आणि वर हात केला. मोतीरामांनी बटण दाबलं. गाडी चालू झाली आणि चालूच राहिली. बाराला पाच कमी असताना ते काठी टेकत, एकटे, कुणाचाही हात न धरता जिना उतरून गार गाडीत येऊन बसले. खाजाला म्हणाले, ‘‘बस मागे. येताना बंद पडली तर कुणाला शोधू?’’

मळ्यात मोतीरामांनी घागर पुजली. विहिरीजवळच्या खोलीत, दारापर्यंत नेलेल्या गाडीतून उतरून, पाटाऐवजी खुर्चीवर बसून, पण पुजली त्यांनीच. आई-वडिलांचं नाव घेत त्यांनी घागरीवर फूल वाहिलं. पुंजा दाराआड उभा राहून डोळे पुसत होता. मीही पुसले, लपवण्यासारखं त्यात काय आहे?

पंगत बसली. गावातले पाच-सात जण होते, टेम्पोवाले, फुलांचे व्यापारी. निम्म्यांच्या गाड्या खाजाकडेच जायच्या. पुंजानं खाजाच्या ताटात पुरणपोळी वाढता वाढता सगळ्यांसमोर विचारलं, ‘‘काय रे, एवढा दीड महिना काय सापडत नव्हतं तुला?’’

खाजाचा हात आमरसाच्या वाटीतच थांबला. त्याचा चेहरा मी पाहिला, आणि आयुष्यात कधी म्हटलं नव्हतं ते माझ्या तोंडून निघून गेलं.

‘‘चूक माझी होती, भाऊजी. मी सारखा रेडिओ बंद करत होते, त्यानं गडबड होत होती.’’

मोतीरामांना ठसका लागला. मी चूक कबूल केली हे ऐकून पुंजा वाढायचाच थांबला. खाजानं मात्र मान वर केली. ‘‘मॅडम मला वाचवायला बघतात, भाऊ,’’ तो म्हणाला. ‘‘तार मीच चुकीची जोडली होती. मला रंग ओळखता येत नाहीत. निळी-जांभळी सारखीच दिसते.’’

पुंजानं पोळीचं ताट खाली ठेवलं.

‘‘मग माझ्या दोन्ही टेम्पोची वायरिंग तू सात वर्षं कशी केली?’’

‘‘दिव्यावर. आणि गाठींवर. अडलं तर रेहानाला विचारून.’’

पुंजानं थोडा विचार केला. ‘‘सात वर्षांत एकदा तरी फ्यूज उडाला का रे माझा?’’ त्यानं शेजारच्या ड्रायव्हरला विचारलं. ड्रायव्हरनं मान हलवली, नाय. ‘‘मग झालं तर,’’ पुंजा म्हणाला. ‘‘गाठी मारत जा. आन सोमवारी मोठ्या टेम्पोचा हॉर्न बघ, बसलाय त्यो.’’ एवढं बोलून त्यानं खाजाच्या ताटात आणखी एक पोळी टाकली, वर तूप ओतलं, आणि पंगत खरबूज गोड निघालं की नाही यावर बोलायला लागली.

बारा वर्षांची भीती एका पोळीत संपली. खाजा खाली मान घालून जेवत होता, आणि मध्येच उगाच हसत होता.

परतताना गाडी मी चालवत होते. रेडिओवर कुठलंसं भावगीत लागलं होतं. मोतीराम डोळे मिटून ऐकत होते. बंद करायला माझा हात गेला, आणि मी तो मागे घेतला.

त्यालाही आता चार वर्षं झाली. मोतीराम अजून बटण स्वतःच दाबतात, एकही आखाजी चुकली नाही. खाजाचा गाळा तिथेच आहे, रेडिओही तिथेच. फरक एवढाच, की रेहाना आता डबा घेऊन येते तेव्हा हळू आवाजात काही सांगत नाही. आणि ती नसली तरी खाजाचं अडत नाही. मागच्या आठवड्यात मी सातपूरला रिक्षातून चालले होते. खाजा एका जीपच्या बोनेटमधून बाहेर आला, हातात तारेचं टोक. रस्त्यानं शिफ्ट सुटलेली माणसं चालली होती, बस आली होती, आणि त्या सगळ्या गर्दीच्या वरून तो पलीकडे अडकलेल्या माझ्या रिक्षाकडे बघून मोठ्यानं ओरडला,

‘‘ओ मॅडम! ही निळी का जांभळी?’’

मी रिक्षातून डोकं बाहेर काढलं. ‘‘निळी!’’ मी वर्गात ओरडायचे तशी ओरडले. चार माणसांनी वळून बघितलं. खाजानं हात वर केला आणि खिशातून दोरा काढून गाठ मारायला घेतली.